पेरणाऱ्या बाईचा हात

टांकसाळीत त्यांना सगळे उलटेमास्तर म्हणत. तोंडावर नुसतं मास्तर, पाठ फिरली की उलटेमास्तर. त्यात कुणाचा राग नव्हता. एकतीस वर्षं पोलादात उलटी अक्षरं कोरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? ठसा उलटा कोरला तरच नाण्यावर छाप सुलट येते, हे टांकसाळीच्या झाडूवाल्यालाही ठाऊक असतं. पण मास्तरांचा उलटेपणा हाडीमासी खिळला होता. दुकानांच्या पाट्या ते मनातल्या मनात उलट्या करून वाचत. दाढी करताना आरशात बघून त्यांना वाटे, चला, आता कुठं आपला चेहरा बरोबर दिसतोय. चांदी वितळवणारा भट्टीवाला त्यांचा जुना दोस्त. तो म्हणायचा, "मास्तर, तुम्ही स्वर्गात जाल ना, ते पाठमोरे आत शिराल." मास्तर हसत आणि भिंगाची काच पुसत.

आता एकतीस वर्षांत त्यांनी कोरलं काय, असं विचाराल तर उत्तर देताना त्यांची मान खाली जायची. कडेची अक्षरं नि ठिपके, वेलीची पानं आणि दरवर्षी बदलणारा सालाचा आकडा. बाकी सगळं दर्यापारहून तयार यायचं. राजाचं मुंडकं तिकडून, मागची नक्षी तिकडून, सही तिकडच्या कारागिराची. स्वयंपाक दुसऱ्यानं करायचा आणि यांनी फक्त ताटाभोवतीचं पाणी पुसायचं, असा तो प्रकार होता. मास्तरांना एक नाणं स्वतःचं हवं होतं. एकच. पेन्शनीला दोन वर्षं उरली होती आणि ही इच्छा त्यांनी आजवर भट्टीवाल्यालासुद्धा बोलून दाखवली नव्हती.

मग जुना राजा वारला, नवा गादीवर बसला आणि चांदीचं मोठं नाणं नव्यानं पाडायचं ठरलं. राजाचं मुंडकं आलंच: भरलेला गाल, कापलेली मान. मागच्या बाजूसाठी एक चित्र आलं. शेतात धान्य पेरणारी बाई. पण काढणाऱ्यानं जन्मात पेरणी बघितलेली नसावी. बाईच्या पायात रेशमी फितींच्या चपला, अंगावर पलंगपोसासारखं काहीतरी गुंडाळलेलं, आणि धान्य ती अशी उधळत होती की जणू समोरून वरात चालली आहे. टांकसाळीचे मोठे साहेब स्वतः दर्यापारचेच, पण अकरा वर्षं या देशात काढलेले. चित्र बघून त्यांनाही हसू आलं. त्यांनी वर पत्र लिहिलं की मागची बाजू इथंच करू द्या, इथं हात चांगला आहे. सात महिन्यांनी उत्तर आलं. परवानगी आहे, बाई मात्र पेरणारीच हवी, उजव्या हातानं पेरणारी. आणि काम पसंत पडलं नाही तर ठसा नेहमीसारखा तिकडेच होईल.

"मास्तर, एवढंच सांभाळा," साहेब म्हणाले. "उजवाच हात का, तर त्यांच्या चित्रात तसं आहे म्हणून नाही. तुम्हाला कारण ठाऊक आहे."

मास्तरांना ठाऊक होतं. नाण्याला दोन तोंडं असतात, पण चांदी एकच असते. राजाचा गाल जिथं फुगतो तिथं तो आसपासची सगळी चांदी ओढून घेतो. गालाच्या बरोबर पाठीमागं, दुसऱ्या बाजूला, काही उठावाचं कोरलं तर तिथं चांदी पोचतच नाही, नुसता डाग उमटतो. राजाच्या मानेमागं मात्र मोकळी जागा असते. बाईचा वर गेलेला हात त्या मोकळ्या जागेच्या पाठीशी यायला हवा, आणि तो उजवाच हात येत होता.

आता नाण्यावर बाई उजव्या हातानं पेरणार, म्हणजे ठशात ती डाव्या हातानं पेरताना कोरायची. एरवी मास्तर आधी सरळ चित्र काढत, मग कागद उलटवून काचेवर धरून गिरवत. ठिपक्यांना आणि पानांना ते चालतं. पण माणसाचं चित्र उलटवलं की उलटतो फक्त कागद. अंगाचा तोल, खांद्याचा झोल, वजन कुठल्या पायावर आहे, सगळं लटकं दिसायला लागतं. मास्तर दोन दिवस विचार करत राहिले आणि तिसऱ्या दिवशी एक युक्ती त्यांना सुचली. मूळची डावखुरी बाई समोर उभी करायची. ती डाव्या हातानं पेरेल. तिला जशीच्या तशी पोलादात उतरवायची, काही उलटवायचं नाही. नाण्यावर आपोआप जिवंत, सहज, उजव्या हाताची बाई येईल. डावखुरी बाई शोधायलाही जायला नको होतं. काखेत कळसा होता. घरातच लेक होती.

लेक एकोणतीस वर्षांची. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर, म्हणून ती बापाच्या दोन खोल्यांत राहायची आणि खालच्या शिंप्याची काजं-बटणं करून द्यायची. मास्तरांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. बाप-लेक एकमेकांशी चांगलं वागत. भांडण नाही, तंटा नाही. एकमेकांशी फार बोलतही नसत, पण ते त्यांना शांतपणासारखं वाटायचं.

ती मूळची डावखुरी होती, हे मास्तर सोडून आता कुणाच्या ध्यानातही नव्हतं. सहा वर्षांची असताना तिनं बापाची जुनी कोरणी आणि जस्ताचा एक तुकडा उचलला आणि त्यावर चिमणी कोरली. खाली स्वतःचं नाव कोरलं, उलट्या अक्षरांत. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचा हातच तसा चालायचा. मास्तर कामावरून आले, त्यांनी तो तुकडा बघितला आणि त्यांचं काळीज आनंदानं भरून आलं. मग त्यांनी कोरणी कुठल्या हातात आहे ते बघितलं.

मास्तर दुष्ट नव्हते. त्या काळी सगळेच तसं करत. डाव्या हातानं जेवणारी पोर कोण सून म्हणून घेणार, लोक काय म्हणतील, कोरणाऱ्याचं मेज, दिवा, धातू पकडायचा शेगडा सगळं उजव्या हाताच्या हिशेबानं मांडलेलं असतं. कारणं शोधायला गेलं की लागतील तेवढी मिळतात. जुन्या चादरीची पट्टी फाडून त्यांनी तिचा डावा हात खुर्चीला बांधायला सुरुवात केली. जेवताना, लिहिताना, रोज. दोन वर्षं. हात सोडवून घेतला तर एक चापट. "पोरीच्या हाताला वळण लावलं," असं ते अभिमानानं सांगत. पुढं तिच्या उजव्या हातात त्यांनी कोरणी दिली, तर तो हात दगडासारखा पडून राहिला. मास्तरांनी महिनाभर खटपट केली आणि नाद सोडला. पाहुणे आले की ते म्हणायचे, "तिला हात नाही." ती आतल्या खोलीत असायची आणि तिला ऐकू यायचं.

तर त्या रविवारी दुपारी मास्तर म्हणाले, "जरा उभी राहशील का? चित्र काढायचंय. पेरणाऱ्या बाईचं."

"मी कधी पेरलंय, बाबा?"

"मूठ भरायची नि फेकायची. त्यात काय एवढं." मग जरा थांबून, नजर कागदाकडं ठेवून त्यांनी सांगितलं, "डाव्या हातानं."

तिनं हातातलं बटण खाली ठेवलं. "डाव्या?"

"हो. कामासाठी पाहिजे."

तिनं जमिनीवर चादर अंथरली, कमरेच्या कापडात गहू घेतले आणि उभी राहिली. मास्तर मांडीवर पाटी आणि तिच्यावर कागद घेऊन बसले. सवयीप्रमाणे त्यांनी पायापासून सुरुवात केली. पाऊल, घोटा, कापडाच्या चुण्या. चुण्यांत ते असे गुंतले की हाताशी पोचेपर्यंत खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. जसं दिसतं तसं उतरवायचं, आज काही उलटवायचं नाही, हे मनाशी घोकत त्यांनी हात काढला, मान काढली, चेहरा काढला आणि पाटी बाजूला ठेवली.

पुढचे तीन महिने मास्तर पोलादात ती बाई कोरत होते. अक्षरं नेहमीसारखी उलटी कोरून झाली होती. बाईच्या वेळी मात्र त्यांनी मेजावरचा, ठसा सुलट करून बघायचा आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवला. एकतीस वर्षांच्या सवयीनं डोळा तिकडं जाईल, डोक्यात घोटाळा होईल आणि हात नको तिथं उलटेल, ही त्यांना धास्ती. जो आरसा सगळं सांगणार होता त्यालाच त्यांनी गप्प बसवलं. कुणाला वाटेल, इतका मुरलेला कारागीर आणि त्याला डावं-उजवं कळलं नाही? पण मुरलेल्यालाच कळत नाही. ज्यानं आयुष्यभर दोन्ही बाजूंनी जग बघितलं त्याच्या डोळ्याला कुठलीच बाजू खटकत नाही. भिंगाखाली एका वेळी दिसतं तरी किती? एक बोट, एक चुणी, कानाची पाळी. त्या तीन महिन्यांत मास्तर इतके सुखात होते की भट्टीवाल्यानं विचारलं, "काय मास्तर, पुन्हा लग्न-बिग्न ठरलं की काय?"

ठसा पुरा झाल्यावर त्यांनी तो दिव्याच्या ज्योतीवर धरून काळा केला आणि पातळ कागदावर दाबला. चांदीत नाणं पाडण्याआधी अशी काजळीची छाप घेऊन बघतात. कागदावर बाई नाण्यावर दिसेल तशीच उमटते. छाप स्वच्छ आली होती. टांकसाळीच्या फाटकावर झडती चांदीची होते, कागदाची नाही. मास्तरांनी तो कागद वहीत घालून घरी नेला. पहिल्यांदा लेकीनं बघावा असं त्यांना वाटलं होतं. "नाण्यावर येते तशीच छाप आहे ही," म्हणत त्यांनी तो तिला दिला.

तिनं कागद खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ बघितला.

"सुरेख झालीय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण बाबा, ही डावखुरी आहे."

"ठशात तशीच असते. नाण्यावर उजवी येते."

"ही नाण्यावर येते तशीच छाप ना? तुम्हीच म्हणालात आता."

मास्तरांनी कागद हातात घेतला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. बाई डाव्या हातानं पेरत होती. म्हणजे ठशात ती उजव्या हातानं पेरत होती. म्हणजे पाटीवरच्या चित्रातही.

"तू त्या दिवशी कुठल्या हातानं उभी राहिली होतीस?"

"उजव्या."

"मी डाव्या म्हणालो होतो."

"म्हणाला होतात."

"मग?"

ती खुर्चीत बसली. "सुरुवात डाव्यानंच केली होती मी. तुम्ही पाय काढत होतात. मग तुम्ही मान वर केलीत आणि हात बदलला. मी नाही बदलला, बाबा. तो आपला आपणच बदलला. तुमच्यासमोर तो वर जातच नाही."

मास्तरांनी कागद मेजावर ठेवला. एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना.

"तुम्ही घरात नसलात की मी सगळं डाव्यानंच करते. काजंसुद्धा. जिन्यात तुमची पावलं वाजली की सुई इकडच्या हातात येते. जेवताना, भाजी चिरताना, सगळं तसंच."

"तुझ्या आईला माहीत होतं?"

"आईच सोडायची ती पट्टी. तुम्ही कामावर गेलात की सोडायची आणि यायच्या वेळेला बांधायची. गाठ तशीच मारायची, तुम्ही मारता तशी."

मास्तरांना आधी रागच आला. आपल्याच घरात, आपल्या पाठीमागं, इतकी वर्षं दोघींनी मिळून नाटक केलं. मग त्यांना डोळ्यांसमोर ती गाठ दिसायला लागली. संध्याकाळी घरी आल्यावर ते ती तपासायचे आणि समाधानानं सोडायचे. राग कुठल्या कुठं गेला आणि त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. त्या दिवशी त्यांना अन्न गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लपवाछपवी न करता ते साहेबांपुढं उभे राहिले. "साहेब, हात चुकला. बाई डावखुरी झालीय."

साहेबांनी तरीही एक नाणं चांदीत पाडून बघितलं. व्हायचं तेच झालं. राजाच्या गालानं चांदी ओढून घेतली आणि बाईचा वर गेलेला हात धुक्यासारखा पुसट उमटला. मूठ नाही, बोटं नाहीत. साहेबांनी ते नाणं भिंगाखाली धरलं. ते बारीक अंगाचे, सतत खोकणारे गृहस्थ होते आणि कामाच्या बाबतीत कुणाची भीड ठेवत नसत.

"हाताचं सोडा, तो दुसऱ्या बाजूला नेता येईल," ते म्हणाले. "मला हिची मान खटकतेय. बघा तुम्ही. ही पेरत नाहीये, मास्तर. ही कुणालातरी भितेय."

मास्तरांनी बघितलं. मान खांद्यात किंचित ओढलेली होती. हनुवटी छातीकडं. पाठीमागून चापट येणार हे ठाऊक असलेलं पोर जसं आक्रसून उभं राहतं, तशी. तीन महिने भिंगाखाली त्यांनी तो मानेचा स्नायू केसाकेसानं कोरला होता आणि मनात म्हटलं होतं, वा, काय बारकावा साधलाय.

"घरचीच आहे ना ही? तुमची मुलगी?" साहेबांनी विचारलं. "मग पुन्हा उभी करा. सांगा तिला नीट."

"सांगून झालंय, साहेब. सांगण्यानंच हे झालं."

साहेबांना त्यातलं काय कळलं कोण जाणे. त्यांनी कॅलेंडर बघितलं. "सोमवारी मला नवं चित्र दाखवा. चांगलं असेल तर कोरायला आणखी तीन महिने मी मागून घेईन. नसेल तर बुधवारच्या बोटीनं पत्र जाईल की ठसा तुमच्याकडेच करा. माझा नाइलाज आहे."

चुकलेला ठसा टांकसाळीत ठेवत नाहीत. ज्यानं कोरला त्यानंच दोन साक्षीदारांसमोर छिन्नीनं त्यावर फुली मारायची, असा नियम. मास्तरांनी छिन्नी ठेवली आणि हातोडा मारला. एक घाव पायापासून खांद्यापर्यंत, दुसरा उलट्या बाजूनं. भट्टीवाला साक्षीदार होता. तो त्या दिवशी एकही चेष्टा करू शकला नाही.

आता खरं सांगायचं तर मास्तरांना लेकीची गरज नव्हती. जुनं चित्र काचेवर उलटं धरून गिरवलं की ठशासाठी डावखुरी बाई तयार होती. अर्ध्या तासाचं काम. मान थोडी सरळ करून द्यायची, बस. साहेबांनी सोडून दिलं असतं. शनिवारी मास्तरांनी खिडकीच्या काचेवर कागद चिकटवला आणि गिरवायला घेतला. बाईचा हात दुसऱ्या बाजूला गेला. डावा हात वर उचललेली त्यांची लेक, जशी ती कधीच त्यांच्यासमोर उभी राहिली नव्हती. त्यांनी मान सरळ केली. मग खांदा खोटा वाटायला लागला. खांदा पाडला तर कंबर खोटी वाटायला लागली. भीती काही मानेतच नव्हती, ती टाचेपर्यंत उतरलेली होती. कुठं कुठं खोडणार? त्यांनी कागद काढला आणि घडी घालून ठेवून दिला.

रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी स्वतःच चादर अंथरली. कोपऱ्यातल्या डब्यातून वाटीभर गहू काढून मेजावर ठेवले. लेक दारात उभी राहून बघत होती.

"पुन्हा उभी राहू?" तिनं विचारलं. "मी प्रयत्न करीन, बाबा. पण नाही जमलं तर तुमचं नाणं जाईल. मला त्याचंच ओझं वाटतंय."

"तू नुसती पेर."

मास्तरांनी खुर्ची उचलली आणि फिरवून ठेवली. भिंतीकडं तोंड करून ते बसले, मांडीवर पाटी, पाटीवर कोरा कागद.

"असे काय बसलात? दिसणार कसं?"

"नाही दिसणार."

"मग काढणार काय तुम्ही?"

"नाही काढलं तर नाही. पेर तू. मी मागं बघणार नाही."

खालच्या शिंप्याचं यंत्र चाललेलं ऐकू येत होतं. मास्तरांच्या समोर भिंतीचा एक पोपडा निघाला होता, तेवढाच काय तो बघायला होता. माणसाच्या तोंडावर जे बोलणं जन्मात जमलं नसतं ते भिंतीला बोलता येतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

"माझं चुकलं, बाळ," ते म्हणाले. "लोकांना सांगत आलो की तुला हात नाही. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. मला त्याच दिवशी दिसलं होतं. दिसलं होतं आणि तरी बांधला."

मागं वाटीतले गहू कमरेच्या कापडात ओतल्याचा आवाज आला. मग दाणे पडले. दाराच्या बाजूला, चादरीवर, थोडेसे. तो उजवा हात होता. ती उभी होती तिथून दार उजवीकडं पडत होतं. मास्तर हलले नाहीत. आणखी एक मूठ पडली, तीही दाराकडं. मग काहीच नाही. यंत्रही थांबलं होतं. मास्तरांना वाटलं, ती गेली असेल आत. जाऊ दे. पेन्सिल त्यांनी कागदावर आडवी ठेवून दिली आणि नाण्याचाही नाद सोडला.

पुढची मूठ खिडकीच्या बाजूला पडली. दोन-चार दाणे भिंतीवर आपटून खाली आले.

मास्तरांनी दोन्ही हातांनी पाटी घट्ट धरली. मान फिरवायची इतकी ओढ त्यांना आयुष्यात कधी लागली नव्हती. पुन्हा एक मूठ, पुन्हा खिडकीकडं, या वेळी लांबवर. मग तिला लय सापडली. कापडातून मूठ भरल्याचा खसखस आवाज, एक पाऊल, आणि सरीसारखे दाणे. ती खोलीभर चालत होती. चादर कधीच संपली होती, दाणे फरशीवर, मेजावर, मास्तरांच्या खुर्चीमागं पडत होते. एक दाणा त्यांच्या खांद्याला लागून कागदावर पडला. ती हसली. लहानपणी हसायची तसं, जरा नाकातून. हे हसू मास्तर विसरूनच गेले होते.

कापडातले गहू संपत आले असावेत. पावलं थांबली.

"बाबा," ती म्हणाली. "वळा आता."

"नको. तू पेर अजून."

"उद्या सोमवार आहे. वळा."

मास्तर खुर्चीसकट वळले. लेक खोलीच्या मधोमध उभी होती, वजन एका पायावर, केस सुटलेले, आणि डावा हात खांद्याच्या वर गेलेला. त्यांचे डोळे तिच्या डोळ्यांना भिडले तसा तो हात अर्धा खाली आला. ती त्याच्याकडं बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे, आणि मग तिनं तो पुन्हा वर नेला. या वेळी हात तिथंच राहिला.

मास्तरांनी पेन्सिल उचलली. डोळ्यांत पाणी आलं होतं, कागद दिसत नव्हता, आणि कागदाची त्यांना घाईही नव्हती. तेवीस वर्षांत पहिल्यांदा ते आपल्या मुलीकडं बघत होते. चित्र त्यांनी नंतर काढलं.